कॉलेजात पोरगं किती घडलं, हे मोजायचं कसं? (वाचकांचे प्रश्न)

बारावीचे निकाल लागले आणि प्रवेश सुरू झाले की या पानाकडे येणारे प्रश्न एकदम वाढतात. या खेपेला बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर दिसला, कॉलेज चांगलं म्हणजे नेमकं काय, आणि तिथं तीन वर्षं काढून पोरात काही फरक पडला का नाही हे कळतं कसं. त्यातले काही प्रश्न घेतोय. पत्रं लांब होती म्हणून थोडी कमी केलीत, भाषा मात्र ज्याची त्याची ठेवलीय.

सर, माझी पोरगी बारावी सायन्स झाली, ६८ टक्के पडले. तिला बीएस्सी करायचंय. आमच्या तालुक्याला एक कॉलेज हाय, त्याला नॅकचा बी प्लस प्लस. दुसरं लांब शहरात, त्याच्या कमानीवर ए प्लस लिव्हलंय आणि गावोगाव बॅनर लावलेत. तिथं होस्टेल, मेस धरून खर्च लई जातो आणि औंदा सोयाबीनचं काही खरं नाही. ए प्लस म्हणजे तिथं पोरीचं जास्त भलं होईल असं धरायचं का? – एक शेतकरी पालक, अंबाजोगाई तालुका

दादा, तेवढ्यावरून असं धरू नका. ग्रेड खोटी असते असं मी म्हणत नाही, पण ती कशाची आहे ते आधी बघा. नॅक ही यूजीसीची म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची संस्था, १९९४ ला सुरू झाली, बंगळुरूला ऑफिस आहे. ती अख्ख्या कॉलेजचं एकत्र मोजमाप करते, ग्रेड देताना सात निकष धरायचे, अभ्यासक्रम, शिकवणं, संशोधन, इमारत आणि लायब्ररी, विद्यार्थ्यांना मदत आणि त्यांची पुढची वाटचाल, कारभार, मूल्यं. सगळे मिळून १००० गुण आणि त्यातून चारपैकी एक आकडा निघायचा. आता बी प्लस प्लस म्हणजे २.७६ ते ३.०० आणि ए प्लस म्हणजे ३.२६ ते ३.५०. तुम्हाला कमानीवर जेवढा फरक दिसतो तेवढा आकड्यात असेलच असं नाही. विद्यापीठाला जोडलेल्या म्हणजे संलग्न कॉलेजसाठी शिकवण्याच्या निकषाला ३५० गुण होते, आणि विद्यार्थ्यांची मदत आणि वाटचाल याला त्याच्या निम्मेसुद्धा नव्हते. शिवाय ग्रेड साधारण पाच वर्षं चालते, त्या वेळी फिजिक्स जीव ओतून शिकवणारे सर आता रिटायर झाले असले तरी पाटी तीच असते. २०२४ ला तर नॅकनं ग्रेडच बंद करून नुसतं मान्यताप्राप्त आहे किंवा नाही एवढंच सांगायची पद्धत आणायचं जाहीर केलं, तरी जुन्या पाट्या बऱ्याच ठिकाणी तशाच आहेत.

आणखी एक गोष्ट पालकांना कुणी सांगत नाही. कॉलेज जो निकाल छापतं, ९२ टक्के वगैरे, तो शेवटच्या वर्षाला परीक्षेला बसलेल्यांपैकी पास किती असा असतो. पहिल्या वर्षाला नाव घातलं आणि मधेच गळालं ते पोरगं त्या हिशोबात कुठंच येत नाही. तुमच्या बीड जिल्ह्यात हे फार महत्त्वाचं आहे. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जातात, मागं लहान भावंडं सांभाळायला मोठी पोरगी राहते नाहीतर तीच सोबत जाते, हजेरी ७५ टक्के भरत नाही, परीक्षा राहते, पुढच्या वर्षी ती येतच नाही. अशा चाळीस पोरी गळाल्या तरी निकाल ९२ टक्केच राहतो.

म्हणून एक दिवस काढा, पोरीला सोबत घ्या आणि दोन्ही कॉलेजला कामाच्या दिवशी जाऊन या, ॲडमिशनच्या काउंटरवरून परत येऊ नका. ऑफिसात विचारा, तीन वर्षांपूर्वी बीएस्सी फर्स्ट इयरला किती पोरं होती आणि आज थर्ड इयरला किती आहेत. हा आकडा त्यांच्याकडे असतोच. मग तिच्या विषयाला कायम शिक्षक किती आणि तासिकेवर किती ते विचारा. प्रयोगशाळेत डोकावून या, केमिस्ट्रीच्या लॅबमधे बर्नर पेटतो का, नळाला पाणी आहे का, पोरं स्वतः करायलीत का एक जण करतो आणि बाकीचे जर्नलमधे रीडिंग उतरवून घेतात. कॉलेजच्या वेबसाइटवर नॅकला दिलेला स्वयंमूल्यमापन अहवाल टाकलेला असतो, पोरीला मोबाइलवर उघडायला सांगा, दुसरा आणि पाचवा निकष, म्हणजे शिकवणं आणि विद्यार्थ्यांची मदत-वाटचाल, एवढं वाचायचं, बाकीचं राहिलं तरी चालेल. आणि बाहेर पडताना थर्ड इयरच्या दोन-तीन पोरींशी तिलाच बोलू द्या, तुम्ही थोडं लांब थांबा. जवळच्या कॉलेजची उत्तरं चांगली आली तर बिनघोर तिथंच घाला, होस्टेलचे वाचलेले पैसे पुढं एमएस्सीला कामाला येतील.

नमस्कार. आमच्या कॉलेजला नॅक येणार आहे. मॅडमनी ग्रुपवर लिंक टाकली आणि म्हणल्या की सगळ्यांनी सगळीकडे चारच टिक करा, कॉलेजचा प्रश्न आहे. मी तसंच केलं पण मनाला लागलं. या फॉर्मचा खरंच काही उपयोग असतो का? – बीए द्वितीय वर्ष, परभणी

मनाला लागलं हे चांगलं आहे. हा विद्यार्थी समाधान सर्व्हे, २१ प्रश्नांचा, शेवटचा प्रश्न सोडून बाकी शून्य ते चार अशी निवड. उपयोग असतो, पण पोरांनी खरं भरलं तरच, आणि खरं भरलं तरी तो सांगतो तुम्ही समाधानी आहात का, तुम्ही शिकलात का ते सांगत नाही. दोन्ही वेगळं आहे. जे सर नोट्स लिहून देतात आणि परीक्षेला येणारे प्रश्न सांगतात त्यांना पोरं भरभरून मार्क देतात, आणि जे सर वही तपासून लाल शाईनं भरून परत देतात त्यांच्यावर त्या वर्षी राग असतो, पुढं पाच वर्षांनी पोरं त्यांनाच भेटायला येतात. पुढच्या वेळी लिंक आली की शेवटचा मोकळा प्रश्न रिकामा सोडू नकोस. तिथं एकच ठोस गोष्ट लिही, म्हणजे लायब्ररी दुपारी दोनला बंद होते आणि आमची बस साडेचारला आहे, असं. असं एक वाक्य दहा पोरांनी लिहिलं तर प्राचार्यांना त्याचं काहीतरी करावंच लागतं, चारच्या टिकचं काहीच करता येत नाही. आणि मॅडमवर राग धरू नकोस, त्यांच्यावरही वरून दबाव असणार, पण पोरांना असं सांगणं चूक आहे हे मी इथं स्पष्ट लिहितो.

मी नांदेड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिकेवर शिकवतो. आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता समितीच्या) मीटिंगमधे विद्यार्थी विकासाचं मूल्यमापन करा म्हणून माझ्याकडं काम आलंय. निधी शून्य. आतापर्यंत आम्ही कार्यक्रमांची संख्या, फोटो, सर्टिफिकेट एवढंच फायलीला लावत आलो. वर्गात ऐंशी पोरं, बहुतेक घरातले पहिलेच कॉलेजला आलेले. खरंच काही मोजता येईल असं काही आहे का, का नुसता कागद काळा करायचा? – एक प्राध्यापक

सर, तुमच्या प्रश्नासाठी मी जास्त जागा ठेवलीय, कारण हे काम नीट झालं तर तुमच्या पोरांचं भलं आहे आणि आपल्या भागात ते फार कमी ठिकाणी होतं.

आधी कार्यक्रमांचं बोलू. किती व्याख्यानं झाली, किती पोरं बसली, एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर झालं, वर्षाचे १२० तास भरले, युवक महोत्सवाला टीम गेली, आविष्कार या संशोधन स्पर्धेला दोन पोस्टर गेले. हे सगळं कॉलेजनं काय केलं त्याची नोंद आहे. पोरात काय झालं ते यात कुठं आलं? शिबिरात जे पोरगं सात दिवस स्वयंपाकाच्या तुकडीत राहून शेवटी गावच्या सरपंचाशी धीटपणे बोललं आणि जे तिसऱ्या दिवशी घरी जाऊन समारोपाला परत आलं, दोघांच्या हातात एकच सर्टिफिकेट असतं.

अमेरिकेत अलेक्झांडर ॲस्टिन म्हणून उच्च शिक्षणाचे मोठे अभ्यासक होऊन गेले, त्यांनी सगळं आयुष्य याच प्रश्नावर घातलं. त्यांचं म्हणणं सोपं आहे, पोरगं येताना काय घेऊन आलं, मधे त्याला काय मिळालं, आणि जाताना काय घेऊन गेलं, हे तिन्ही बघितल्याशिवाय कॉलेजनं काय केलं ते सांगता येत नाही. इनपुट, एन्व्हायर्न्मेंट, आऊटकम. साखर कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टर भरलेला मोजतात आणि रिकामा झाल्यावर परत मोजतात, तेव्हा ऊस किती ते कळतं, एकाच वजनावर पावती कुणी फाडत नाही. आपण कॉलेजात मात्र एकच वजन करतो, शेवटचं.

तर तुमचं पहिलं काम म्हणजे पोरं येतात त्या आठवड्यातच वजन घेणं. त्याला पैसा लागत नाही, ऐंशी कोरी पानं लागतात. आम्ही शिकवत होतो तेव्हा एका कॉलेजात हे करून बघितलं होतं ते सांगतो. पहिल्या आठवड्यात पोरांना अर्धा तास दिला आणि सांगितलं, तुमच्या गावात पाणीटंचाई आहे, गटविकास अधिकाऱ्यांना अर्ज लिहा. मार्क नाहीत, कुणाला दाखवणार नाही. पानं गोळा करून कपाटात ठेवली. चौथ्या सेमिस्टरला परत तेच काम, तोच वेळ.

त्यातली एका पोरीची दोन पानं मला अजून डोळ्यासमोर दिसतात. पहिल्या पानावर अर्जाला तारीख नाही, विषय नाही, सगळं पान म्हणजे एकच वाक्य, आमच्या गावात पाणी नाही खूप त्रास होतो लोकांना तरी साहेबांनी लक्ष द्यावे ही नम्र विनंती, आणि हे तीन वेळा. दुसऱ्या पानावर विषय आहे, गावची लोकसंख्या आहे, चार हातपंपांपैकी तीन बंद आणि त्यातला एक कधीपासून बंद ते आहे, टँकरची मागणी किती खेपांची ते आहे, ग्रामसभेच्या ठरावाचा उल्लेख आहे, आणि खाली लिहिलंय, या अर्जाची पोच मिळावी. विद्यापीठाच्या परीक्षेत तिला दोन्ही वर्षी साधारण सारखेच मार्क होते. मार्कशीटवर काहीच बदललेलं नव्हतं, आणि पोरगी मात्र ऑफिसच्या दारात उभी राहून आपलं म्हणणं मांडायला शिकली होती.

आता तपासायचं कसं. चार पायऱ्या ठरवा आणि त्या रोजच्या मराठीत लिहून काढा, म्हणजे पहिल्या पायरीला नुसती तक्रार, दुसरीला तक्रार आणि मागणी, तिसरीला मागणीच्या मागं माहिती, चौथीला माहिती, मागणी आणि पुढं काय करणार तेही. दोन शिक्षकांनी वेगवेगळं वाचायचं, नाव दुमडून टाकायचं आणि पान पहिलं का दुसरं हेही कळू द्यायचं नाही, कारण आपली पोरं सुधारलीत असं आपल्याला वाटायचंच असतं. दोघांत एका पायरीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्याला द्यायचं. एकेका पोराच्या फरकावर फार भिस्त ठेवू नका, पहिल्या आठवड्यात घाबरून कमी लिहिलेलं पोरगं पुढं आपोआपच थोडं वर येतं, त्याचं श्रेय कॉलेजचं नसतं. सगळा वर्ग मिळून बघा.

आणि सर, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जे गळाले त्यांची पानं फेकू नका. चौथ्या सेमिस्टरला साठच पानं आली तर अहवालात ऐंशी आणि साठ दोन्ही लिहा, आणि त्या वीस जणांना फोन लावा. लग्न झालं, पुण्याला कंपनीत गेला, बस बंद झाली, इंग्रजी जमेना म्हणून लाज वाटली, कारणं समोर येतील आणि त्यातली दोन-तीन तरी कॉलेजच्या हातातली निघतील. हे न करता काढलेली सरासरी छान दिसते एवढंच, कारण कमजोर गळून गेलेले असतात.

अर्ज हे एकच काम झालं, विकास त्यापेक्षा मोठा आहे हे खरं. आर्थर चिकरिंग यांनी १९६९ मधे कॉलेजच्या वयात माणूस सात दिशांनी वाढतो असं मांडलं होतं, काम जमणं, राग-लोभ आवरणं, स्वतःच्या पायावर उभं राहणं, माणसं जोडणं, आपण कोण ते कळणं, आयुष्यात करायचं काय ते ठरणं, सचोटी. सातही मोजायला जाऊ नका, फसाल. तुमच्या स्टाफनं बसून दोन धरा. माझं मत विचाराल तर आपल्या भागातल्या पहिल्या पिढीच्या पोरांसाठी लिहून-बोलून आपलं म्हणणं मांडणं आणि स्वतःचे निर्णय स्वतः घेणं हे दोन आधी. दुसऱ्यासाठी वर्षातून एकदा प्रत्येकाशी दहा मिनिटं बोला, एकच प्रश्न, मागच्या सहा महिन्यांत तू स्वतः ठरवून काय केलंस आणि घरच्यांना कसं सांगितलंस. ऐंशी पोरं, चार शिक्षक वाटून घेतले तर जमतं. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत दोन ओळी टिपून ठेवा.

इंजिनिअरिंगवाल्यांची मान्यता देणारी संस्था एनबीए आणि तिच्यामागून आता आपल्याकडंही जी सीओ-पीओची (विषयातून आणि पदवीतून काय साधायचं याची) एक्सेल शीट भरायला लावतात, तिच्यात एक-दोन-तीन आकडे भरून शेवटी ॲटेनमेंट, म्हणजे किती साधलं, ते २.४ येतं, पण तो आकडा कुणाच्या तरी प्रत्यक्ष लिहिलेल्या पानावर उभा नसेल तर त्याला अर्थ नाही. तुमचं हे काम नॅकला वाया जात नाही, दुसऱ्या निकषात निष्पत्ती साधली का हे कसं तपासता असं विचारतातच आणि सातव्यात बेस्ट प्रॅक्टिस म्हणूनही देता येतं. पण सीएचबीवर असताना हे एकट्याच्या डोक्यावर घेऊ नका. कायम असलेल्या दोघांची नावं समितीत लेखी घालून घ्या, नाहीतर पुढच्या जूनला तुमची ऑर्डर निघाली नाही तर पानं कपाटात तशीच राहतील.

सर, स्पष्टच विचारतो. नोकरी लागली का नाही आणि पगार किती, हेच खरं मोजमाप नाही का? बाकी व्यक्तिमत्त्व विकास वगैरे पोट भरल्यावरच्या गोष्टी. – एक पालक, लातूर

नोकरी महत्त्वाची आहे, त्यावर माझं दुमत नाही, आणि कर्ज काढून शिकवणाऱ्या बापाला पगार विचारायचा पूर्ण हक्क आहे. सरकारची एनआयआरएफ रँकिंग २०१६ पासून निघते, तिच्यातही पास झालेल्यांची वाटचाल आणि मधला पगार बघतात. पण तुम्ही लातूरचे, तुम्हाला हे कळेल. बारावीच्या तयारीच्या लातूर पॅटर्नचं नाव झालं त्यात शिक्षकांचे कष्ट होते, सराव परीक्षा होत्या, सगळं खरं. मात्र नाव झाल्यावर साऱ्या महाराष्ट्रातून नव्वद टक्क्यांची पोरं तिथं यायला लागली. आता त्या पोरांच्या यशात कॉलेजचं किती आणि पोराचं आधीचंच किती, हे नुसता निकाल बघून सांगता येईल का? पदवीच्या कॉलेजचंही तसंच, हुशार आणि घरून भक्कम पोरं निवडून घेतली की प्लेसमेंट आपोआप चांगलं दिसतं.

आपल्याकडं १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ झालं, त्याआधी इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली. बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद कॉलेज काढलं ते १९५० मधे. ज्या घरात कधी पाटी आली नव्हती तिथली पोरं तिथं आली आणि शिकली. त्या पोरांनी कापलेलं अंतर पगाराच्या आकड्यात कसं बसवणार? आज एखादं पोरगं बीएस्सी ॲग्री करून गावात परत आलं, सोयाबीन उत्पादकांची कंपनी उभी करून शंभर शेतकऱ्यांचा माल नीट विकतं, तर कंपनीच्या ऑफर लेटरवर चालणाऱ्या प्लेसमेंटच्या यादीत ते कुठं दिसतं? पगार विचारा, त्याच्यासोबत हेही विचारा की हे पोरगं आलं तेव्हा कुठं होतं.

मी धाराशिवला बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. नवीन शैक्षणिक धोरणात ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकणं आहे, चार क्रेडिट. बरेच जण ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणायलेत, कुणी जातच नाही. मला मामाच्या कृषी सेवा केंद्रात खरंच जायचंय पण शेवटी सगळ्यांना सारखेच मार्क पडणार असतील तर काय उपयोग? आणि मी शिकलो हे दाखवायचं कसं?

जा, नक्की जा. चार क्रेडिट म्हणजे साधारण १२० तास, आणि कृषी सेवा केंद्रात जूनच्या तोंडावर बीकॉमच्या पोराला शिकायला जेवढं आहे तेवढं पुस्तकात सापडायचं नाही. उधारीची वही, जीएसटीची बिलं, खताच्या पॉस मशीनवरचा स्टॉक आणि गोडाऊनमधला स्टॉक जुळतो का, बियाण्याची तक्रार घेऊन आलेल्या शेतकऱ्याशी बोलायचं कसं.

दाखवायचं असं. एक दोनशे पानी वही कर आणि रोज काय केलं याची यादी लिहू नकोस, ती कुणीही घरी बसून लिहितं. त्या दिवशी काय अडलं, तू काय केलंस, मामा काय म्हणाले, एवढंच लिही, चार ओळी झाल्या तरी चालतील. पहिल्या दिवशी उधारीची वही बघून तुला काय कळलं ते एक पान लिहून ठेव आणि शेवटच्या दिवशी परत तीच वही बघून लिही. त्या दोन पानांत तुझं शिकणं कुणालाही दिसेल. मधे एखादी छोटी गोष्ट स्वतः सुधारून बघ, म्हणजे कुणाची उधारी किती दिवसांपासून थकलीय त्याची एक शीट कर आणि त्यानं वसुलीत फरक पडला का ते महिनाभर बघ, नाही पडला तर तसं लिही.

मार्कांचं बोलायचं तर तुझ्या सरांना आत्ताच, काम सुरू व्हायच्या आधी भेट. त्यांना विनंती कर की तोंडी परीक्षेला प्रत्येकाला वहीतल्या कुठल्याही एका दिवसाबद्दल पाच मिनिटं विचारा, आणि केंद्रात फोन करून एकदा चौकशी करा. नुसत्या शिक्क्यावाल्याला त्या पाच मिनिटांत बोलता येत नाही. बरेच सर याला तयार होतात, फक्त कुणीतरी म्हणायला लागतं. आणि मामाचंच दुकान आहे हे लपवू नकोस, पहिल्या पानावर लिही, तोंडीलाही स्वतःहून सांग, आणि प्रमाणपत्रावर मामांऐवजी तिथल्या दिवाणजींचा किंवा सीएचा शेरा मिळाला तर तो जोड.